चपला काढून वाचणाऱ्या अक्का

सुमतीअक्का पुस्तक उघडण्याआधी चपला काढायच्या. सगळ्याच पुस्तकांना हा मान नव्हता. वर्तमानपत्र त्या पायात चपला ठेवून, चष्मा कपाळावर चढवून आणि छापणाऱ्यांचा उद्धार करत वाचायच्या. पण लेखकांची घरं आणि बागा दाखवणारं एखादं जाडजूड, गुळगुळीत कागदाचं पुस्तक मांडीवर घ्यायचं असलं, की घरात घालायच्या निळ्या रबरी सपाता आधी गॅलरीच्या उंबऱ्याशी जोडून ठेवायच्या आणि मगच पहिलं पान उलटायचं.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, पाय सुजले असतील.

"पाय दुखतायत काय, अक्का?"

"दुखाय काय झालंय? लोकाच्या घरात चाललोय न्हवं मी? चपला घालून जाऊ व्हय?" मग माझ्या पायांकडं बघून, "तू पण काढ. यायचं तर शिस्तीत यायचं."

आमच्याकडच्या बायका अशाच बोलतात, पुरुषांसारखं. आलो, गेलो, करतो. बाहेरगावची माणसं दचकतात, आम्हाला त्यात काही वाटत नाही. मी मुकाट्यानं चपला काढल्या. अक्कांनी पुस्तकाशेजारी खडीसाखरेची वाटी ठेवली, कारण कुणाकडं रिकाम्या हातानं जायचं नसतं. पुस्तक मिटल्यावर ती वाटी माझ्याकडं सरकवत म्हणाल्या, "खा. तो लेखक काय आता खायाला येत न्हाई."

राजारामपुरीत आमची तीन मजल्यांची जुनी इमारत आहे. मी आणि माझी बायको मंगल दुसऱ्या मजल्यावर, अक्का आमच्या डोक्यावर तिसऱ्यावर. लिफ्ट नाही. अक्कांच्या यजमानांचं कापडाचं दुकान होतं. ते हयात असताना आणि त्यांच्यामागंही कितीतरी वर्षं अक्काच गादीवर बसून साड्या उलगडत होत्या. पुढं दुकान पुतण्याकडं गेलं, पण दुकान अक्कांच्या डोळ्यांतून काही गेलं नाही. जगातला कुठलाही रंग त्या साडीच्या रंगात सांगायच्या. फुलाला नुसतं गुलाबी म्हटलेलं त्यांना खपत नसे. ते राणी कलरचं आहे, डाळिंबी आहे की अबोली, हे गिऱ्हाइकानं आधी ठरवावं, असं त्यांचं मत. एकदा पुस्तकातली एका इंग्रज बाईची टेकडीभर पसरलेली बाग मला दाखवून त्या म्हणाल्या, "ही बघ, ही नऊवारी. आणि ही मागच्या पानावरची, ही नुसती ब्लाऊजपीस."

या पुस्तकांची सवय लागली ती पाय मोडल्यामुळं. माघातले दिवस होते, पाय प्लास्टरमध्ये, बाहेर पडणं बंद. बेळगावला कॉलेजात शिकवणारी त्यांची लेक सुनंदा आली आणि आईचं मन रमावं म्हणून जुन्या पुस्तकांच्या दुकानातून एक चित्रांचं इंग्रजी पुस्तक घेऊन आली. कुणा परदेशी लेखकाचं घर, त्याचं टेबल, त्याची खिडकी, खिडकीतून दिसणारी बाग. अक्का चित्रांवरून बोट फिरवत पान न पान बघू लागल्या, खालचं इंग्रजी कुणाकडून तरी समजून घेऊ लागल्या. प्लास्टर निघालं, पुस्तक सुटलं नाही. मग सुनंदा दर वर्षी एखादं आणू लागली.

गंमत म्हणजे त्या लेखकांनी काय लिहिलंय, याची अक्कांना काडीची उत्सुकता नव्हती. मी एकदा म्हटलं, यातल्या एकाची कादंबरी मराठीत आलीय, आणून देऊ का? "नको. त्याच्या डोक्यात काय होतं ते घेऊन मी काय करू? त्याच्या परसात काय होतं ते सांग." आणि ही पुस्तकं त्या वर्षभर वाचत नसत. माघात थंडी जरा सैल झाली की कपाटातून बाहेर काढायच्या आणि पाडव्याला परत आत. आषाढात एकदा मी मागितलं तर म्हणाल्या, "आत्ता? पावसात लोकांच्या बागंत जाऊन चिखल तुडवणार काय?"

वाचता वाचता त्यांच्या शंका निघायच्या.

"एवढं घर दाखवलंय, मोरी कुठाय?"

"असेल मागं कुठंतरी."

"कपडे वाळत घालायची दोरी? ती पण न्हाई. हा माणूस धुतलेलं घालत होता का न्हाई?" मग पुढचं पान. "हे टेबल त्याचं. ही खुर्ची त्याची. ह्या खिडकीत तो बसायचा. आणि बायको कुठं बसत होती रे त्याची? आणि ही बाग त्यानं केली म्हणं. पाणी कोण घालत होतं ते लिवलंय काय कुठं?"

ते कुठंच लिहिलेलं नसायचं. अक्का "हूं" करायच्या. पण राग धरत नसत. दिवस मावळायच्या आत त्यांचं जेवण उरकायचं असे, जैनांचा तो नेम त्यांनी कधी मोडला नाही. ऊन गॅलरीच्या कठड्यावरून खाली उतरलं की त्या पुस्तक मिटायच्या, त्याच्या पाठीवर हात ठेवायच्या आणि कुणाच्या दारातून निघावं तसं म्हणायच्या, "येतो हं."

अशाच एका पुस्तकात त्यांना ते झाड भेटलं. एका लेखकाच्या फाटकाशी पिवळ्या फुलांचे लांब घोस लोंबत होते. त्या पानावर अक्का दोन दिवस थांबल्या. पुतण्या म्हणाला, असंच आपल्याकडं बहाव्याचं झाड असतं. झालं. पुढच्या पावसाळ्यात आमच्या इमारतीच्या कोपऱ्यात, गाड्या लावायच्या जागेच्या कडेला, बहाव्याचं रोप लागलं. तिसऱ्या मजल्यावरून बादली घेऊन अक्का रोज खाली यायच्या. रोप वाढलं, झाड झालं, पण फुलायचं काही नाव घेईना. दर वर्षी पाडवा आला की अक्का वर मान करून त्याच्याकडं बघायच्या आणि दर वर्षी ते नुसतं उभं असायचं.

मग दिनकररावांनी गाडी घेतली.

दिनकरराव आमचे चेअरमन. तळमजल्यावर राहतात. गाव बिद्रीच्या बाजूला, तिकडं ऊस आणि म्हशी, इकडं दुधाचा धंदा. माणूस दिलदार, आवाज असा की त्यांना फोनची गरज पडू नये. गाडी आली ती चांगली लांबरुंद, आणि ती बसेल अशी जागा एकच होती, बहाव्याची. गच्चीवर मीटिंग झाली.

"अक्का, झाड झाड म्हणताय, पण फूल न्हाई, फळ न्हाई, सावलीला कुत्रं बसत न्हाई," दिनकरराव म्हणाले. "त्याच्यापरीस विजेचा खांब बरा की. उजेड तरी पडतोय."

"तुमची गाडी काय फळ देतीया व्हय?"

"गाडीनं जोतिबाला जाता येतंय."

"मग जाऊन या. चैत्राची यात्रा करून या. तवर एक चैत्र द्या मला. फुललं न्हाई तर कुऱ्हाड मी आणून देतो."

दिनकररावांचं कुलदैवत जोतिबा. यात्रेचं नाव निघाल्यावर त्यांनी मान डोलवली. ठरलं. पण जिना उतरताना अक्का मध्येच थांबल्या, माझ्या खांद्यावर हात ठेवला. कोपऱ्यावरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं, की आता नजरेचा मधला भाग पुसट होत जाणार.

"कडंकडंचं दिसंल म्हणं, मधलं न्हाई," त्या म्हणाल्या. "झाड काय कडंकडंनं बघायचं असतंय? पुस्तकातलं लई बघितलं, सुभाष. हे एक माझं मला फुललेलं बघायचंय."

अक्कांच्या तोंडून इतक्या हळू आवाजात मी कधी काही ऐकलं नव्हतं. पण दुसऱ्याच दिवशी त्यांचा आवाज पूर्ववत झाला होता. मला वर बोलावलं, चपला काढायला लावल्या आणि पुस्तक पुढ्यात टाकलं.

"हे बघ. वाळून कोळ झालंय झाड, तरी टेकू देऊन उभं ठेवलंय. का? तर तो ह्याच्या बुडात बसून लिवत होता. हे दुसरं. हे पण तसंच. लेखक बसला की झाड वाचतंय."

"पण अक्का, आपल्याकडं लेखक कुठून आणायचा?"

अक्कांनी मला चष्म्यावरून निरखलं. दुकानात फार दिवस पडून राहिलेल्या गठ्ठ्याकडं त्या याच नजरेनं बघत असणार. "हाय की घरात. जरा जुना माल हाय, पण हाय."

माझी एक विनोदी कथा कधीकाळी एका दिवाळी अंकात आली होती आणि एक लेख मी निवृत्त झालो त्या सरकारी खात्याच्या स्मरणिकेत. एवढ्या भांडवलावर मी लेखक झालो. दुकानातली यजमानांची लाकडी खुर्ची बहाव्याखाली आली. दुकानाच्या पेंटरकडून पाटी आली: 'लेखकाचे झाड. पादत्राणे बाजूला काढावीत.' रोज संध्याकाळी मी चपला काढून तिथं वही घेऊन बसायचं आणि मी नसताना खुर्चीच्या दोन हातांना लाल दोरी बांधायची, कारण पुस्तकातल्या प्रत्येक घरात लेखकाच्या खुर्चीला दोरी बांधलेली असते आणि तिच्यावर कुणी बसत नाही. शिवाय खुर्चीवर रोज सकाळी एक फूल ठेवायचं. "शोभेला," अक्का म्हणाल्या.

पहिले काही दिवस मी नुसत्या सह्या करत होतो. लगेच वरून आवाज यायचा, "सुभाष, पेन हलू दे की!" गल्लीतल्या क्लासची पोरं हसायची. मंगल तर म्हणाली, निवृत्तीनंतर माणसं देवाला लागतात, तुम्ही झाडाला लागलात. दिनकरराव दूध घालून येताना विचारायचे, "काय लेखक, आज किती पोती?" पण बसून बसून माणूस काय करणार? मी खरंच काहीबाही लिहू लागलो.

आणि मग एक दिवस समोरच्या नव्या इमारतीतला एकजण त्यांच्या लिफ्टचं कौतुक सांगू लागला. दिनकरराव त्याला म्हणाले, आणि ते मी माझ्या कानांनी ऐकलं, "लिफ्ट काय, कुणीबी बसवतंय. आमच्यात लेखक हाय. तुमच्यात हाय काय?" त्या दिवसापासून मी बसलो असलो की ते स्वतः पोरांना हाकलू लागले.

पाडवा झाला. बहावा ढिम्म. चैत्री पौर्णिमा आली, दिनकरराव गावाकडच्या पाहुण्यांना घेऊन नव्या गाडीतून जोतिबाला गेले.

ते परत आले तेव्हा मी अक्कांकडं चहाला होतो. खाली लिहीत बसलो होतो, तेवढ्यात त्यांनी हाक मारली म्हणून चपला तशाच झाडाखाली ठेवून अनवाणी वर गेलो होतो. जाताना सवयीनं दोरी मात्र बांधली होती आणि सकाळचं फूल परत वर ठेवलं होतं. आम्ही गॅलरीतून बघत होतो. गाडीतून माणसं उतरली, डोक्यापासून पायांपर्यंत गुलालानं माखलेली, हातांत दवण्याच्या जुड्या. दिनकरराव गाडी लावायला पुढं गेले आणि पाहुणे तेवढ्यात बहाव्यापाशी आले.

फेटा बांधलेले एक म्हातारे पुढं होते, दिनकररावांचे मामा. त्यांनी एका पोरीकडून पाटी वाचून घेतली. मग त्यांनी दोरी बांधलेली रिकामी खुर्ची पाहिली. खुर्चीवरचं फूल पाहिलं. आणि खुर्चीपुढं जोडून ठेवलेल्या माझ्या जुन्या चपला पाहिल्या.

म्हाताऱ्यानं पायातलं पायताण काढलं. बाकीच्यांनीही काढलं.

"लई मोठा माणूस असणार," मामा म्हणाले.

"कधी गेलं असतील वो?" एका बाईनं विचारलं.

"ते कुठं लिवलं न्हाई. पण पादुका हायत्या बघ."

आणि मामांनी चिमूटभर गुलाल झाडाला लावला, चिमूटभर खुर्चीला, आणि वाकून माझ्या चपलांना. दवण्याची एक जुडी चपलांवर ठेवली. कुणीतरी पिशवीतून नारळ काढला.

मी ताडकन उठलो. "अक्का, मी खाली जाऊन सांगतो त्यांना."

अक्कांनी माझा सदरा धरून मला खाली बसवलं. "बस गप. जरा वेळ मरायला काय होतंय तुला?"

खाली नारळ फुटला. गाडी लावून दिनकरराव आले ते हे बघून जागच्या जागी थबकले. तोंड उघडलं, पण मामांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. "दिनकर, नशीब काढलंस रं. दारात असलं ठिकाण हाय आणि कधी बोलला न्हाईस."

दिनकररावांनी मान वर केली. गॅलरीत मी होतो आणि माझा सदरा धरून अक्का. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मामांकडं बघितलं, झाडाला लागलेल्या गुलालाकडं बघितलं. मग पायातल्या चपला काढल्या, खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाले, "व्हय मामा. लई चांगलं माणूस होतं."

पाहुणे गेल्यावर ते अर्धा नारळ घेऊन तिसऱ्या मजल्यावर आले. "घ्या लेखक, तुमचाच नैवेद्य." मग अक्कांकडं वळून, "अक्का, जिंकलासा. जोतिबाचा गुलाल पडलाय त्याच्यावर. आता कुऱ्हाड कोण लावतंय?" आणि जे हसायला लागले ते खाली घरी पोचेपर्यंत हसतच होते. गाडी तेव्हापासून रस्त्यावर उभी असते.

त्या वर्षी बहावा फुललाच नाही. "लाजलं असंल," अक्का म्हणाल्या. "एवढा गुलाल कुणी लावला होता त्याला?"

पावसाळ्यानंतर त्यांची नजर भराभर उतरली. माघ आला तेव्हा पुस्तकं मीच कपाटातून काढली. सपाता उंबऱ्याशी लागल्या, खडीसाखर आली, आणि अक्का म्हणाल्या, "आता तू बघ आणि मला सांग." मला वाटलं, सोपं आहे. मी म्हणालो, भिंतीवर निळ्या फुलांचा वेल आहे.

"निळा म्हणजे? आकाशी, मोरपंखी का चिंतामणी?"

मी परत बघायचो. पुन्हा सांगायचो. कधी त्या मान डोलवायच्या, कधी म्हणायच्या, "हे काय बरोबर उलगडलं न्हाईस. पदर दाखव." त्या दोन महिन्यांत मी जितकं बघायला शिकलो तितकं आयुष्यात शिकलो नव्हतो, आणि शिकवत होत्या त्या, ज्यांना समोरचं पान दिसत नव्हतं. कधी कधी मी मध्येच चष्मा पुसायला थांबायचो. अक्कांना ते कळायचं, मग त्या हमखास मोरीबद्दल विचारायच्या.

जिने चढणं अशक्य झालं तेव्हा फाल्गुनात सुनंदा त्यांना बेळगावला न्यायला आली. पुस्तकं अक्कांनी माझ्या हवाली केली. गाडी फाटकाशी उभी होती, सुनंदा घाई करत होती, दिनकरराव बोचकी चढवत होते. अक्का माझा हात धरून बहाव्यापर्यंत आल्या. चपला काढल्या. चाचपडत खोड शोधलं आणि पुस्तकाच्या पाठीवर ठेवायच्या तसा त्याच्यावर हात ठेवला.

"येतो हं," म्हणाल्या. एवढंच. मग मान जरा तिरकी करून, कडंकडंनं, त्यांनी एकदा वर बघितलं. पानंच होती.

वैशाखात एका सकाळी खालून दिनकररावांची आरोळी आली. "लेखक! खाली या! फुललंय!" मी जिन्यावरून कसा आलो मला आठवत नाही. दिनकरराव बनियनवर रस्त्यात उभे होते आणि त्यांचे डोळे ओले होते. फांदी भिंतीबाहेर झुकलीय, त्यामुळं पाकळ्या रोज त्यांच्या गाडीवर पडतात. पुसायला गेलं की ओरडतात, "राहू दे! हळदीला बसलीया ती."

अक्कांना फोन लावला. बहावा फुलल्याचं सांगितलं. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मी म्हणालो, व्हिडिओ लावतो.

"त्यात मला काय दिसतंय? लिहून काढ आणि वाचून दाखव. सगळं लिव. पाणी कोण घालत होतं ते पण लिव. आणि नुसतं पिवळं म्हणू नको, सांगून ठेवतो."

म्हणून यजमानांच्या खुर्चीची दोरी सोडून मी झाडाखाली बसलो आणि हे लिहिलं. पाणी सुमतीअक्का घालत होत्या, तिसऱ्या मजल्यावरून बादली आणून. पिवळा कुठला, यावर मात्र बरेच दिवस गेले. लिंबू नव्हे. आंब्याचाही नव्हे. शेवटी मंगलनं तिच्या लग्नातली अष्टपुत्री ट्रंकेतून काढून घोसाशेजारी धरली आणि मला सापडला. नवरीला नेसवतात त्या अष्टपुत्रीचा पिवळा, पण पहिल्या धुण्यानंतरचा, जरा निवलेला. घोस हातभर लांब आहेत, खालच्या कळ्या अजून मिटलेल्या आहेत, आणि वारा आला की आधी खालची टोकं हलतात, मग बाकीचा घोस.

इथपर्यंत लिहून झालं आणि काल, अक्कांचं जेवण उरकलं असेल अशा बेतानं, ऊन असतानाच फोन लावला.

"झालं व्हय लिवून?"

"झालं. वाचू?"

"थांब."

मी थांबलो. पलीकडून खुर्ची करकरल्याचा आवाज आला, मग फरशीवर रबरी सपाता एकीशेजारी एक सरकवल्याचा.

"हं," अक्का म्हणाल्या. "वाच आता."